खाटेवरचा आप्पासो

१

“वकीलीणबाई, माझ्या भावाच्या खाटंवर दुसराच माणूस निजतोय.”

बाई एवढंच बोलली आणि तिनं पदर तोंडात कोंबला. सांगलीच्या कोर्टामागची ती खोली, वर पंख्याची घरघर, आणि माझ्या गालात भडंगाचा बकाणा. तो गिळायचं मला भान राहिलं नाही.

वकीलीणबाई म्हणजे माझी सून आम्रपाली. माझा महेंद्र साताऱ्याला नोकरीला, आणि ही इथं काळा कोट घालून भल्याभल्यांना घाम फोडते. मी जन्मभर एसटी हाकली, आता तिची जीप हाकतो. खंबाटकीत ब्रेक गेलेली गाडी मी एकदा नुसत्या हॉर्नच्या धाकानं उभी केली होती, पण ती गोष्ट काढली की सून म्हणते, “मामा, ब्रेक लावा.” म्हणून इथंही लावतो.

बाईचं नाव गोदावरी. माहेर शिराळ्याचं, सासर वाईचं. तिचा थोरला भाऊ आप्पासो पस्तिशी ओलांडलेला, पण मनानं पाच वर्षांवर थांबलेला. बोलणं जवळजवळ नाहीच. बाप कोंडीबा साखर कारखान्यात फिटर होता. पोरगं मोठं होत गेलं तशी शिराळ्यातली पोरं त्याला दगड मारायला लागली, म्हणून कोंडीबानं गाव सोडलं आणि पलूसच्या शिवारात द्राक्षाची बाग करून एकाकी वस्ती केली. तिथं आप्पासोला कुणी फारसं पाहिलंच नाही. कुडापलीकडून दिसला तेवढाच.

मरायच्या आधी कोंडीबा आम्रपालीकडे आला होता. “माझ्यामागं ह्येचं काय?” एवढाच प्रश्न. त्याचं उत्तर तिनं ट्रस्ट करून दिलं. बाग आप्पासोच्या नावावर लावली असती तर त्याचं निराधारचं अनुदान तुटलं असतं. भावकीच्या नावावर लावली असती तर आप्पासोच तुटला असता. बाग पावसाच्या हातात आणि अनुदान सरकारच्या, एकट्यावर कुणावर विसंबायची सोय नाही. म्हणून बाग ट्रस्टकडे. तिच्या उत्पन्नातून आप्पासोचं औषधपाणी, कपडालत्ता. त्याला सांभाळणाऱ्या तानुबाईला तिथंच घर आणि धान्य, पण आप्पासो जिता आहे तोवरच. तो गेला की बाग गोदावरीची, आणि तानुबाईनं उंबरा सोडायचा.

“त्यो गेलाच आसंल,” गोदावरी म्हणाली. “दोन वर्सांमागं मिरजेच्या दवाखान्यात महिनाभर होता, टायफॉईडनं. संगं एकटी तानुबाई. ह्ये म्हणत्यात, मिरजेला गेला त्यो एक आन् आला त्यो दुसरा. टेसनावरचा कुनी येडा धरून आणला आन् खाटंवर निजवला, घर जाऊ नये म्हनून.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“चार वर्सांनी बगितला मी त्येला. माज्याकडं बगून वळखीचं काय बी न्हाई त्येच्या डोळ्यांत. मला भ्या वाटलं, बाई. सख्ख्या भावाचं भ्या वाटंल का कुनाला?”

पावसाळा होता, सत्त्याण्णव साल, शिराळ्याची नागपंचमी तोंडावर आलेली. तक्रार तहसीलदाराकडे पोचली होती. अनुदान थांबलं होतं आणि चौकशीला नायब तहसीलदार वस्तीवर यायचे होते. ठरलं की हा तोतया, तर तानुबाई तुरुंगात जाणार आणि तो माणूस बिननावाचा कुठल्यातरी सरकारी कोंडवाड्यात.

“आणि ठरलं की तो खराच आप्पासो?” मी जीप चालू करताना सुनेला विचारलं.

“मग मामा, कुणीतरी जित्या माणसाला हात न लावता मारायला निघालंय.”

माझ्या हातून पहिल्याऐवजी रिव्हर्स गिअर पडला. एंजिनाचाच दोष असावा.

२

वस्ती रस्त्यापासून आत, चिखलात बुडालेली. बागेच्या टोकाला पत्र्याची बेदाण्याची शेड, तिच्या कडेला एक बिनखिडकीची खोली.

घरात खाटेवर तो बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल, मधूनमधून कोरडा खोकला. चादरीचं टोक बोटात धरून चुरगाळत होता. आम्ही शिरलो तसा त्यानं डोळे उचलून पाहिलं, आणि मला आरपार पाहून पुन्हा खाली घातले. मसणातल्या माणसानं पाहावं तसं.

तानुबाई तासगावकडची, वाळक्या अंगाची आणि तिखट जिभेची.

“तोतया म्हनं! आवं, म्हैनाभर तापानं भाजून काडल्याला माणूस हाय. क्यास उतरवलं, अंग उतरलं. तुमी तरी आरशात वळखू याल का सोताला?”

“पण बहिणीलाही ओळखत नाही,” आम्रपाली म्हणाली.

“भन यायला नगो का? चार वर्सांत कवा आली? आता आली ती नवऱ्याला घिऊन, आन् भाऊ न्हवं म्हनती.” तानुबाईचा आवाज खाली गेला. “पर एक खरं सांगती ताई. ह्या दोन म्हैन्यांत कायतरी बिगाडलंया. रातचं दचाकतंय. पयलं लय हासायचं वो. बाप कारखान्यावरनं आला की किल्ल्यांच्या जुडग्याचं घुंगरू वाजायचं, बैलाच्या गळ्यातलं पितळी घुंगरू. त्यो आवाज आला की हे दाराकडं पळायचं, टाळ्या पिटत.”

“त्या किल्ल्या कुठं आहेत?”

“गोदाताईनं न्हेल्या वाईला. बापाची आठवण म्हनून.”

दारात सावली पडली. पांढरा इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध. गोदावरीचा नवरा लालासाहेब. साताऱ्याच्या एका पतसंस्थेत बसणारा, बोलायला साखर.

“नमस्कार वकीलसाहेब. मी ह्या बिचाऱ्याला काही बोलत नाही. पंधरवड्याला येतो, तानुबाई बाजारला गेल्या की ह्याच्याजवळ बसतो. पण सत्य ते सत्य. तुम्हाला पुरावा हवा ना? सोपा आहे. शिराळ्याचं माणूस नागाला भीत नाही. पाळण्यातलं पोर तिथं नागापुढं धरतात. उद्या एक गारुडी बोलावतो. समोरासमोर होऊ द्या.”

गोदावरीनं मान हलवली. “व्हय. आमच्यात नाग म्हंजी भाऊच. आप्पा कवाच भ्याला न्हाई.”

खाटेवरचा माणूस खोकला आणि भिंतीकडे सरकला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले. गारुडी उकिडवा बसला, पुढं टोपली, टोपलीवर झाकण, झाकणावर त्याचा हात. पुंगी अजून झोळीत. शेजारचा बागायतदार नानासो मिशीला पीळ देत कुडाला टेकलेला. गोदावरी उंबऱ्यात. लालासाहेब खाटेच्या मागं उभा, एका हातानं आम्हाला सरकून बसा म्हणून खुणावणारा, दुसरा हात खिशात.

आप्पासो, त्याला मी अजून आप्पासोच म्हणतो, टोपलीकडे पाहत होता. चेहरा शांत. एक वेळ तर मला वाटलं, तो पुढं वाकला.

कुठंतरी बारीक किणकिणलं. गारुड्याच्या झोळीत कायबाय असतंच.

आणि तो किंचाळला.

अशी किंकाळी मी अपघातातल्या गाडीखालूनही ऐकली नाही. खाटेवरून तो खाली कोसळला, गुडघ्यांवर रांगत खाटेखाली शिरला, दोन्ही हातांनी नाक-तोंड दाबून धरलं आणि भिंतीवर डोकं आपटायला लागला. जमिनीवर ओल पसरली.

“बघा!” लालासाहेब हळू आवाजात म्हणाला. “शिराळ्याचा माणूस.”

गोदावरी उंबऱ्यातच खाली बसली. “मेला माजा भाऊ,” एवढंच म्हणाली. तानुबाई खाटेखाली हात घालून त्या माणसाला थोपटत होती आणि तोंडानं काहीबाही म्हणत होती, ते ऐकवत नव्हतं. मलाही वाटलं, संपलं. असल्या परीक्षेपुढं वकिली काय करणार?

गारुडी टोपली उचलून निघाला. जाता जाता पुटपुटला, “माजं जनावर न दाखवताच भाड्यावर पानी पडलं. टोपली उगडलीबी न्हवती अजून.”

सुनेनं झटकन मान वळवली.

“तानुबाई,” तिनं विचारलं, आणि मला वाटलं बाईचं डोकं फिरलं, “यंदा बेदाणा केला का?”

“कुटला वो? घड पावसात गेलं. उनाळ्यात शेडचं दारबी उगडलं न्हाई.”

आम्रपाली लालासाहेबाकडे न पाहता हसली. ते हसू मी ओळखतो. कोर्टात ते दिसलं की समोरचा वकील तारीख मागतो.

४

ती चालत शेडच्या कडेच्या त्या बिनखिडकीच्या खोलीपाशी गेली. दाराला साखळी आणि कुलूप. तिनं फटीला नाक लावलं आणि मागं सरली.

“वास घ्या, मामा.”

मी घेतला. डोळ्यांत पाणी, घशात आग. पेटलेल्या गंधकाचा वास.

ज्यांनी बेदाणा केलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. द्राक्षं वाळली की अशा कोंदट खोलीत गंधक पेटवून त्यांना धुरी देतात, म्हणजे रंग पिवळाधमक येतो. आत माणूस अडकला तर त्याचाही येत असेल, पण पाहायला तो उरत नाही.

“गंधक तर बागेत मारत्यात,” मी म्हणालो. “वेलीवर भुरीचा रोग पडला की.”

“वेलीवर पूड टाकतात, मामा. जाळत नाही कुणी. बेदाणा होतो उन्हाळ्यात, आता पावसाळा आहे. कशाला धुरी दिली?”

किल्ली कुणाकुणाकडे? एक तानुबाईच्या कमरेला. दुसरी नानासोकडे, कारण हंगामात तो शेड भाड्यानं घेतो. नानासोला ट्रस्टच्या विहिरीवर डोळा आहे हे सगळी वस्ती जाणते. आम्ही त्याच्या गोठ्यात गेलो.

“माजी किल्ली त्या खुट्टीला. गंजलीया, बगा की,” तो म्हणाला. खरंच गंजली होती. “धूर? बगितला म्या. दोनदा. तानुबाई बाजारला गेल्यावर. दोन्ही बारीला लालासाहेबाची जीप हुबी होती. म्हनलं, पाव्हणा कायतरी जाळत आसंल. आपुन कशाला पडा मधी?”

“ओरडणं ऐकू आलं नाही?”

नानासोनं मिशी सोडली. “आलं. येडं वरडत आसतंय, म्हनलं.”

 सून गोठ्यातून बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

मला वाटलं, आता धरायचा लालासाहेबाला. पण ती म्हणाली, “कशावर धरायचा? तो म्हणेल, तोतयाला धाक घातला. हा आप्पासो आहे हे दाखवल्याशिवाय सगळं फुकट. रक्तगटावरून भाऊ ठरत नाही, आणि ह्याला बोलता येत नाही. जीप काढा. शिराळ्याला जायचं. गोदावरीबाईंनाही घ्या.”

निघताना पाहिलं, पोलीस पाटील तानुबाईला बोलवायला आला होता. ठाण्यात जबाब द्यायला. ती मागं वळून वळून पाहत होती. घराच्या दारात लालासाहेब उभा होता, पण आज सगळ्यांदेखत तो काही करणार नाही असा आमचा हिशोब.

“जा तुम्ही निवांत,” तो आम्हाला म्हणाला. “मी बसतो ह्याच्याजवळ.”

५

शिराळ्यात त्या दिवसांत घराघरात पाहुणा असतो. मातीचं गाडगं, तोंडाला फडकं, आत नाग. पंचमीला त्याची मिरवणूक, आणि मग जिथून आणला तिथंच त्याला परत सोडायचा. आम्ही गल्लीतून चाललो आणि आम्रपाली एकाएकी थांबली.

“मामा, इथं टोपली कुठं दिसते का? पुंगी?”

कुठंच नव्हती. एका अंगणात दोघं जण बसले होते. पुढं फणा काढलेला नाग, आणि एकाच्या हातात चुना लावलेलं छोटं गाडगं, त्यात खडे. तो ते हळूहळू डोलवत होता आणि नागाची मान त्याच्यामागं डोलत होती.

कोंडीबाच्या जुन्या घराशेजारी बाळाबाई राहायची. दात नाहीत, पण नजर अजून सुई ओवणारी. गोदावरीला पाहून म्हणाली, “आगं बया, कोंडीबाची गोदा! आन् माजा आप्पा कुटं हाय?”

गोदावरी रडायला लागली. सगळं ऐकून म्हातारी फिस्कारली. “गारुडी? टोपली? त्या पोराला टोपली काय ठावं! ते गाडग्याचं प्वार. एवडं हुतं तवापास्नं खड्याचं गाडगं हलवीत नागाम्होरं बसायचं. मोटी मानसं चुकायची, हे न्हाई चुकायचं.”

“आजी, एक झाकलेलं गाडगं द्याल का?” आम्रपालीनं विचारलं. “रिकामं. आणि ते खड्याचं.”

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत गेली, आणि फडक्यानं तोंड बांधलेलं एक आणि खड्याचं छोटं एक, अशी दोन गाडगी घेऊन आली. “सांबाळून न्या. हालवू नगासा लय. आन् माघारी आना.”

“आजी, मी एसटीचा डायवर,” मी म्हणालो. “माझ्या गाडीत कपातला चहा सांडला न्हाई कधी.” गाडगं मी माझ्या पायांजवळ, गिअरच्या कडेला ठेवलं.

इस्लामपूर मागं पडलं तेव्हा सुनेनं गोदावरीला विचारलं, “तुमच्या वडिलांच्या किल्ल्या अजून वाईला आहेत?”

“देव्हाऱ्यात ठेवल्यात. न्हाई... ह्यांनी दोन म्हैन्यांमागं मागून घेतल्या, त्यात शेडची किल्लीबी हाय. म्हनाले, जीपच्या किल्लीला जुडगा लागतोय.”

आम्रपालीनं माझ्या दंडाला धरलं. जोरात.

“मामा, ती किणकिण गारुड्याच्या झोळीत नव्हती. लालासाहेबांच्या खिशात होती. हाका गाडी! तानुबाई ठाण्यात आहे, आणि तो त्याच्याजवळ बसलाय.”

मग मी जीप हाकली. खड्डे होते का रस्ता होता, मला ठाऊक नाही. पायाजवळचं गाडगं दोनदा उडून जागेवर बसलं.

६

खाट रिकामी होती.

चादर दारापर्यंत ओढत गेलेली. तिथून चिखलात दोन फरपटलेल्या टाचांच्या रेषा, बागेच्या कडेनं, शेडकडे.

ऊन कलतं होतं, वेलीचं पान हलत नव्हतं, आणि त्या शांततेत शेडच्या मागून आवाज येत होता. किण... किण... किण.

लालासाहेब पालथ्या क्रेटवर बसला होता, पाय पसरून. बोटावर जुडगा फिरवत. त्याच्या पाठीमागच्या दाराला साखळी, साखळीला कुलूप, आणि दाराच्या फटीतून पांढरट धुराच्या जिभा. आतून ओरडणं नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं.

 मी जीपमधला टॉमी, जॅकचा लोखंडी दांडा, घेतला आणि कोयंडा उपटला. धुरानं तोंडावर फटका मारला. पदर नाकाला बांधून आम्रपाली आत घुसली, मागोमाग मी. तो जमिनीवर पालथा पडला होता, उंबऱ्याच्या फटीला तोंड लावून. मी त्याला खांद्यावर घेतला. वजन कोकरासारखं.

बाहेर आणून निजवला. हलेना. सुनेनं पाण्याचा हबका मारला, छाती चोळली. एक, दोन, किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तो खोकला, आणि त्या खोकल्याइतकं गोड गाणं मी मिरजेच्या तंबोऱ्यांच्या बाजारातही ऐकलेलं नाही.

गोदावरी नवऱ्यापुढं उभी होती. “ह्या बापाच्या किल्ल्या. ह्या वाजवून तुमी त्येला कोंडत हुता?”

“चिमूटभर गंधक आहे, मरत नाही त्यानं कुणी!” लालासाहेबाच्या आवाजातली साखर विरघळली होती. “उद्या साहेब यायचेत. आणि कुणाला कोंडलं? तुझ्या भावाला नाही. स्टेशनवरच्या भिकाऱ्याला! तो किंचाळला नसता तर तू विश्वास ठेवला असतास? सांग, हा तुझा भाऊ आहे?”

गोदावरीनं चिखलात पडलेल्या त्या माणसाकडे पाहिलं.  आणि पुन्हा पदर तोंडात कोंबला.

७

दुसऱ्या दिवशी नायब तहसीलदार आले. खाट अंगणात काढली होती. लालासाहेब दोन पोलिसांमध्ये, पण बोलणं अजून ताठ. “माझ्यावर काय गुन्हा तो लावा, साहेब. पण हा तोतया आहे, हे माझी बायकोही सांगेल.”

आम्रपाली उठली.

“साहेब, हा माणूस किंचाळला तेव्हा टोपली बंद होती, पुंगी झोळीत होती. तो टोपलीकडे शांतपणे पाहत होता. मग ह्यांच्या खिशातलं घुंगरू वाजलं. तानुबाई बाजारला गेली की हे आधी घुंगरू वाजवायचे, मग त्याला धुरीच्या खोलीत कोंडायचे. त्यामुळं तो आवाज आला की ह्याला धूर दिसतो. किंचाळताना त्यानं डोळे नाही झाकले. नाक आणि तोंड दाबलं. नागाला भिणारा माणूस नाक कशाला दाबेल?”

“ते झालं. पण म्हणून तो आप्पासो कसा?” साहेब म्हणाले.

“हाच प्रश्न मी स्वतःला विचारला. समजा, हा स्टेशनवरचा कुणी आहे. तर नागाला तो आपोआपच घाबरला असता. लालासाहेबांना दोन महिने खपून त्याला घाबरायला शिकवावं का लागलं? कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं की हा घाबरणार नाही. हा आप्पासोच आहे, हे ह्या अंगणात फक्त एका माणसाला पहिल्यापासून माहीत होतं. ह्यांना.”

लालासाहेबाच्या कपाळावरचं गंध घामानं ओघळलं. “शब्दांचे खेळ!” तो म्हणाला.

“मग शब्द नकोत.”

तिनं मला खूण केली. मी जीपमधून गाडगं आणलं, खाटेपासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवलं, आणि शेजारी चुना लावलेलं खड्याचं गाडगं. 

आप्पासो चादरीचं टोक चुरगाळत होता. त्याचं लक्ष गेलं. बोटं थांबली. खोकलाही थांबला. तो खाटेवरून उतरला, मांडी घालून बसला, फडक्याजवळ कान नेला. आणि त्या विझलेल्या चेहऱ्यात कुणीतरी आतून दिवा घेऊन आल्यासारखं झालं.

साहेब पाहायला पुढं वाकले. त्यानं डावा हात आडवा टाकला, असा की साहेब दोन पावलं मागं गेले. मग त्यानं मान वर करून आम्हा सगळ्यांचे चेहरे नजरेनं चाचपले, एकेक. उठला. गोदावरीपाशी गेला. तिच्या खांद्यावरचा पदर उचलून त्यानं तिच्या डोक्यावर नीट ओढला, मनगट धरून तिला आणलं, आपल्या उजव्या खांद्यामागं बसवलं, आणि जमिनीवर दोनदा थाप मारली. हलू नको. मग खड्याचं गाडगं घेऊन डोलवायला लागला, हळू, सारखं.

“शिकवलंय!” लालासाहेब ओरडला. “तानुबाईनं शिकवलंय!”

“तानुबाई तासगावची,” आम्रपाली म्हणाली. “तिनं शिराळ्याची पंचमी पाहिलेली नाही.”

“आन् माजा पदर?” गोदावरीचा आवाज फुटला. “मी परकराची हुते तवा आईचा टावेल पदर म्हनून डोईवर घ्यायचा, आन् असाच बसवायचा मला मागं. दोन थापा. ह्ये आमा दोगांबिगर कुनाला ठावं हाय? कुनी शिकवलं त्येला ह्ये?”

साहेबांनी पेन उघडलं. “बाई, सरळ सांगा. हा कोण?”

“गोदे,” लालासाहेब म्हणाला, “नीट विचार कर. बाग जाईल.”

“बाग त्येचीच हाय, त्यो जिता हाय तवर.” तिनं भावाच्या पाठीवर हात ठेवला. तो दचकला नाही. “साहेब, ल्ह्या. ह्यो माजा भाऊ आप्पासो. जिता हाय.”

तानुबाई दाराआड रडत होती. लालासाहेबाला घेऊन गेले तेव्हा पोलिसानं त्याच्या खिशातून जुडगा काढला. घुंगरू वाजायच्या आत आम्रपालीनं ते मुठीत घट्ट दाबलं.

८

गाडगं परत करायला दुपारीच शिराळ्याला गेलो. आम्रपाली शेजारी, गाडगं माझ्या पायांत. बाळाबाई अंगणात लाह्या निवडत होती. मी गाडगं पुढं केलं तसं तिनं ते दोन्ही हातांनी, देव्हाऱ्यातला देव उचलावा तसं उचललं.

“हालवलं न्हाईसा न्हवं?”

“आजी, रिकाम्या गाडग्याचं एवढं काय कौतुक?” मी म्हणालो.

“रिकामं कुनी म्हनलं?”

तिनं फडक्याची गाठ थोडी सैल केली. आतून फुत्कार आला.

सून अंगणात मटकन बसली. “आजी! मी रिकामं मागितलं होतं!”

“मागितलं हुतंस, बाई. पर आप्पासोला रिकामं गाडगं कळतंय. रिकाम्याम्होरं त्यो बसला नसता.” म्हातारी गाठ पुन्हा आवळत म्हणाली. “आन् तुमी त्येला तोतया ठरवून मोकळं झाला असता.”

मी माझ्या दोन्ही पायांकडे पाहिलं. होते. जागच्या जागी होते. पण त्या दिवशी शिराळ्याहून सांगलीपर्यंत जीप माझ्या सुनेनं हाकली.